बाजू चिठ्ठीची, युक्तिवाद आपला : राष्ट्रीय महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा कशा चालतात?

नवी दिल्ली : सभागृहातील पडद्यावर ठरावाचे एकच वाक्य उमटते आणि शंभर-दीडशे विद्यार्थी एकाच वेळी उठून आपापल्या खोल्यांकडे धावू लागतात. त्या क्षणापासून त्यांच्या हाती केवळ १५ मिनिटे असतात. विषय आधी ठाऊक नसतो, बाजू निवडण्याचा अधिकार नसतो, इंटरनेट वापरता येत नाही आणि मार्गदर्शकाशी बोलण्यास मनाई असते. सोबतीला असतो फक्त एक सहकारी, एक वही आणि गेल्या काही महिन्यांत वाचलेले जे काही आठवेल ते. पंधरा मिनिटांनंतर खोलीचे दार बंद होते आणि पहिला वक्ता सात मिनिटांच्या भाषणासाठी उभा राहतो.

देशातील अनेक विधी महाविद्यालये, तंत्रशिक्षण संस्था आणि विद्यापीठांमध्ये दरवर्षी भरणाऱ्या संसदीय पद्धतीच्या वादविवाद स्पर्धांचे हे नेहमीचे दृश्य आहे. वक्तृत्वाची मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना मात्र ते अनेकदा गोंधळात टाकते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. भाषण ऐकण्याची आणि करण्याची गोडी तेव्हापासून मराठी समाजात रुजली. शाळेपासूनच वक्तृत्वाची ढाल जिंकत आलेल्या विद्यार्थ्याने पाठ केलेले भाषण राष्ट्रीय स्पर्धेत निरुपयोगी ठरते, कारण तेथे परीक्षा भाषणाची नसते, उत्तराची असते. समोरच्याने आत्ता जे म्हटले, त्याला आत्ताच दिलेले उत्तर हाच तेथे गुणांचा आधार असतो.

दोन वेगळ्या वाटा

राष्ट्रीय पातळीवर महाविद्यालयीन वादविवादाच्या दोन प्रमुख वाटा आहेत. त्यांचे नियम वेगळे असल्याने तयारीही वेगळी करावी लागते.

पहिली वाट युवक महोत्सवांची. १९२५ मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेली आणि आज असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज या नावाने ओळखली जाणारी संस्था आंतरविद्यापीठ युवक महोत्सवांचे आयोजन करते. महाविद्यालयातून विद्यापीठाच्या महोत्सवात, तेथून विभागीय आणि पुढे राष्ट्रीय महोत्सवात, अशी ही चढती पायरी असते. महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागातून उतरतात. या महोत्सवातील वादविवादात प्रत्येक विद्यापीठाचे दोन वक्ते असतात. त्यांपैकी एक विषयाच्या बाजूने, तर दुसरा विरोधात बोलतो. विषय २४ तास आधी जाहीर होतो, प्रत्येकाला जास्तीत जास्त पाच मिनिटे मिळतात आणि कागद पाहून वाचण्यास परवानगी नसते. भाषेचे माध्यम हिंदी किंवा इंग्रजी असते.

दुसरी वाट संसदीय वादविवादाची. तिचे दोन प्रकार भारतात रूढ आहेत. आशियाई संसदीय पद्धतीत प्रत्येकी तीन वक्त्यांचे दोन संघ समोरासमोर येतात. तीन ठरावांमधून पसंतिक्रमाने एक ठराव निश्चित होतो आणि तयारीसाठी अर्धा तास मिळतो. प्रत्येक भाषण सात मिनिटांचे असते व अखेरीस दोन्ही संघांच्या एकेका वक्त्याला चार मिनिटांचे समारोपाचे भाषण करता येते. ब्रिटिश संसदीय पद्धतीत एका खोलीत दोन नव्हे, तर चार संघ असतात. जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धा याच पद्धतीने होते. ती पहिल्यांदा १९८१ मध्ये ग्लासगो येथे झाली आणि २०१४ ची स्पर्धा चेन्नईत भरली होती. या पद्धतीची रचना समजून घेतली, की राष्ट्रीय स्पर्धेत विद्यार्थ्याची नेमकी कोणती कसोटी लागते, हे स्पष्ट होते.

आठ वक्ते, चार संघ, एक खोली

ब्रिटिश संसदीय पद्धतीत ठरावाच्या बाजूने दोन आणि विरोधात दोन संघ असतात. प्रत्येक संघात दोन वक्ते. सत्ताधारी बाजूचा पहिला वक्ता ‘पंतप्रधान’, त्याला उत्तर देणारा ‘विरोधी पक्षनेता’, त्यानंतर ‘उपपंतप्रधान’ आणि ‘उपविरोधी पक्षनेता’ अशी पहिल्या चार भाषणांची मांडणी असते. उरलेल्या दोन संघांतून आधी दोन्ही बाजूंचे ‘सदस्य’ आणि शेवटी दोन्ही बाजूंचे ‘प्रतोद’ बोलतात. कोणता संघ कोणत्या जागी बोलणार, हे सोडतीने ठरते.

प्रत्येक जागेचे कर्तव्य निश्चित असते. पंतप्रधानाने ठरावाचा अर्थ स्पष्ट करावा आणि धोरणाची चौकट मांडावी. शब्दांचा सोयीस्कर अर्थ लावून वाद अरुंद करणे हा दोष समजला जातो. विरोधी पक्षनेत्याने त्या चौकटीलाच उत्तर द्यावे. नंतरच्या दोन संघांवर दुहेरी जबाबदारी असते. त्यांनी आपल्याच बाजूच्या आधीच्या संघाचे म्हणणे खोडून काढायचे नाही आणि तरीही त्यात महत्त्वाची नवी भर घालायची. प्रतोदाने संपूर्ण वादाचा सारांश मांडून आपली बाजू का सरस ठरली, हे दाखवायचे. विरोधी बाजूच्या प्रतोदाला नवा युक्तिवाद आणता येत नाही, कारण त्याला उत्तर द्यायला नंतर कोणी उरलेले नसते.

भाषण चालू असताना समोरच्या बाजूचा वक्ता उभा राहून प्रश्न विचारू शकतो. स्पर्धकांच्या बोलीत त्याला ‘पीओआय’ म्हणतात. पहिले आणि शेवटचे मिनिट संरक्षित असते. मधल्या पाच मिनिटांत हा प्रश्न घ्यायचा की नाकारायचा, हे बोलणारा ठरवतो. प्रश्न १५ सेकंदांत संपवावा लागतो. सात मिनिटांत एकही प्रश्न न घेणारा वक्ता परीक्षकांच्या नजरेत उणा ठरतो, कारण त्याने आपले म्हणणे तपासू दिले नाही असा त्याचा अर्थ होतो.

एक ठराव, चार दिशा

ही रचना प्रत्यक्षात कशी उलगडते, ते एका उदाहरणावरून पाहता येईल. समजा ठराव असा आहे : ‘हे सभागृह अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेश परीक्षांसाठीच्या खासगी शिकवणी वर्गांवर बंदी घालील.’

पहिला सत्ताधारी संघ बंदीची व्याप्ती सांगेल. शाळेतील मोफत अतिरिक्त तासांना तो तिच्यातून वगळेल. विद्यार्थी नावापुरते शाळेच्या पटावर राहतात आणि दिवसभर शिकवणीत बसतात, त्यामुळे शाळा ही संस्थाच पोकळ होते, असा त्याचा मुख्य युक्तिवाद असेल. पहिला विरोधी संघ विचारेल, की जागा मोजक्या आणि उमेदवार अफाट ही स्थिती कायम असताना मागणी नाहीशी कशी होईल? वर्ग बंद होतील, पण घरगुती शिकवणी वाढेल. ती महाग असेल आणि तिच्यावर कोणाची नजरही नसेल. म्हणजे बंदीचा भार श्रीमंतावर पडणार नाही, मध्यमवर्गीयावर पडेल.

येथवर बहुतेक महत्त्वाचे मुद्दे येऊन गेलेले असतात आणि खरी परीक्षा पुढच्या दोन संघांची सुरू होते. दुसरा सत्ताधारी संघ परीक्षेच्या स्वरूपाकडे वळू शकतो. वर्गांत ठरावीक प्रश्नप्रकार घोटून घेतले जातात, म्हणून परीक्षा अधिक कठीण केली जाते आणि परीक्षा कठीण झाली म्हणून वर्गांची गरज आणखी वाढते. हे चक्र बंदीशिवाय तुटत नाही, ही नवी भर ठरेल. दुसरा विरोधी संघ लहान गावातील विद्यार्थ्याचा प्रश्न पुढे आणू शकतो. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे पद रिकामे आहे, तेथील मुलासाठी जवळच्या शहरातला वर्ग ही एकमेव शिडी असते. शाळा सुधारण्याआधी ती शिडी काढून घेणे न्याय्य आहे काय, असा त्याचा सवाल असेल.

अशा वादात माहितीचे महत्त्व आहेच. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि १६ वर्षांखालील विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ नये असे सुचवले, हे ज्याला ठाऊक आहे तो ‘बंदीऐवजी नियमन’ हा पर्याय ठोसपणे मांडू शकतो. पण नुसते माहितीचे तुकडे फेकणाऱ्याला गुण मिळत नाहीत. त्या माहितीवरून निष्कर्ष कसा निघतो आणि तो समोरच्याच्या निष्कर्षापेक्षा वजनदार का आहे, ही तुलना करावी लागते. अनुभवी स्पर्धक या तुलनेलाच वादाचा गाभा मानतात. दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे असते, हे गृहीत धरूनच हा खेळ रचलेला आहे.

गुणांचे गणित आणि मौन फेऱ्या

प्रत्येक खोलीत साधारणपणे तीन परीक्षक असतात व त्यांपैकी एक अध्यक्ष असतो. त्यांनी विशिष्ट विषयाचा तज्ज्ञ म्हणून नव्हे, तर सर्वसाधारण वाचन असलेला, मन मोकळे ठेवून ऐकणारा सुजाण मतदार म्हणून निर्णय द्यावा, अशी अपेक्षा असते. ते आपसांत चर्चा करून चार संघांचा क्रम लावतात. एकमत न झाल्यास बहुमताने निर्णय होतो. पहिल्या संघाला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य गुण मिळतात. याशिवाय प्रत्येक वक्त्याला ५० ते १०० या पट्टीवर वैयक्तिक गुण दिले जातात. संघाचा क्रम वर आणि त्यातील वक्त्यांची बेरीज खाली, असे होऊ शकत नाही.

समजा स्पर्धेत ३२ संघ आहेत. म्हणजे प्रत्येक फेरीला आठ खोल्या लागतील आणि प्रत्येकी तीन या हिशेबाने २४ परीक्षक लागतील. प्राथमिक फेऱ्या पाच असल्यास एखाद्या संघाला जास्तीत जास्त १५ गुण मिळू शकतात आणि सरासरी साडेसात राहते. पहिल्या फेरीनंतर समान गुणांचे संघ एकाच खोलीत येतील अशी सोडत काढली जाते. त्यामुळे जिंकणाऱ्याचा मार्ग प्रत्येक फेरीगणिक अवघड होत जातो, तर पहिली फेरी हरलेल्याला सावरण्याची संधी मिळते. सोडत आणि गुणांची नोंद आता ‘टॅबीकॅट’सारख्या संगणक प्रणालीवर होते. आठ भाषणांची ५६ मिनिटे, तयारी, परीक्षकांची चर्चा आणि निकालाचे स्पष्टीकरण धरले, तर एका फेरीला दोन तास सहज लागतात. एका दिवसात अशा तीन फेऱ्या झाल्या, की संध्याकाळी आवाज बसलेला असतो.

निकालानंतर अध्यक्ष परीक्षक सर्व संघांना समोर बसवून कोण का जिंकले, हे सविस्तर सांगतो. स्पर्धेतील खरे शिक्षण याच दहा-पंधरा मिनिटांत होते. शेवटच्या एक-दोन प्राथमिक फेऱ्यांत मात्र निकाल जाहीर केला जात नाही. या ‘मौन’ फेऱ्यांनंतर सर्व संघ सभागृहात जमतात आणि बाद फेरीत पोहोचलेल्या संघांची नावे वाचून दाखवली जातात. विद्यार्थ्यांच्या भाषेत हा ‘ब्रेक’. आपल्या उदाहरणातील ३२ पैकी आठ संघ उपांत्य फेरीत गेले, तर उरलेल्या २४ संघांची, म्हणजे ४८ विद्यार्थ्यांची स्पर्धा तेथेच संपते. जागतिक स्पर्धेत नऊ प्राथमिक फेऱ्यांनंतर खुल्या गटातील ४८ संघ पुढे जातात.

न पटणारी बाजू का मांडायची?

या पद्धतीवरील सर्वांत जुना आक्षेप नैतिक आहे. सकाळी ज्या धोरणाचे समर्थन केले, त्यालाच दुपारी विरोध करणारा विद्यार्थी नेमका काय शिकतो? विचार करायला, की शब्दांची कसरत करायला?

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नेमून दिलेल्या बाजूने बोलण्याच्या या प्रथेबद्दल स्पष्ट नापसंती व्यक्त केली होती. तरुणांनी मनापासून पटलेल्या गोष्टीच बोलाव्यात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९५४ मध्ये हा प्रश्न तात्त्विक राहिला नाही. साम्यवादी चीनला अमेरिकेने राजनैतिक मान्यता द्यावी, हा त्या वर्षीच्या अमेरिकी महाविद्यालयीन वादविवादाचा राष्ट्रीय विषय होता. वेस्ट पॉइंट आणि अ‍ॅनापोलिस येथील लष्करी व नौदल अकादमींनी त्यावर वाद करण्यास नकार दिला. भावी अधिकाऱ्याने स्पर्धेपुरतेही चीनच्या मान्यतेचे समर्थन करू नये, अशी ही भूमिका होती. त्यावरून देशभर वादंग माजले. त्याआधी ९ फेब्रुवारी १९३३ रोजी ऑक्सफर्ड युनियनने राजासाठी आणि देशासाठी लढणार नाही, असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला, तेव्हा ब्रिटनमध्ये असाच गदारोळ झाला होता. सभागृहात मांडलेला युक्तिवाद आणि माणसाची निष्ठा यांत बाहेरचे जग फरक करत नाही, याची ही दोन्ही उदाहरणे आहेत.

भारतीय तर्कपरंपरेने या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केला आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःचे काहीच न मांडता केवळ समोरच्याचे खंडन करते ती वितंडा. मराठीतील ‘वितंडवाद’ हा शब्द येथूनच आला. त्याच परंपरेत शास्त्रकार आधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे मांडतो आणि मगच त्याचे उत्तर देतो. प्रतिपक्ष दुबळा करून मांडला, तर उत्तरही दुबळे ठरते.

या कसोटीवर पाहिले तर स्पर्धा हा निःसंशय जल्प आहे, कारण तेथे जिंकायचे असते. पण तिचे नियम विद्यार्थ्याला जल्पाकडून वादाकडे ढकलतात. समोरच्याचा सर्वांत बळकट मुद्दा टाळणाऱ्याचे गुण कापले जातात, व्यक्तीवर टीका करण्यास मनाई असते आणि बाजू चिठ्ठीने मिळत असल्याने कोणत्याच पक्षाला कायमचे शत्रू मानता येत नाही. समाजमाध्यमांवर प्रत्येकाला आपल्याच मताचे लोक भेटण्याच्या काळात, न पटणाऱ्या बाजूचा सर्वोत्तम युक्तिवाद स्वतःच्या तोंडून मांडावा लागणे ही दुर्मीळ शिस्त आहे. धोका मात्र उरतोच. जिंकण्याची सवय जडलेला विद्यार्थी स्वतःचे मत बनवणेच विसरू शकतो. म्हणूनच फेरी संपल्यावर ‘पण तुला स्वतःला काय वाटते?’ हा प्रश्न संघातील सहकाऱ्यांनी एकमेकांना विचारणे आवश्यक ठरते.

भाषेचा उंबरठा

राष्ट्रीय स्पर्धेच्या दारात सर्वच विद्यार्थी सारख्याच तयारीने उभे नसतात. संसदीय पद्धतीच्या बहुतांश मोठ्या स्पर्धा इंग्रजीत होतात. दिल्लीतील महाविद्यालयांत हिंदी वादविवादाची परंपरा आहे आणि युवक महोत्सवात हिंदीचा पर्याय मिळतो. परंतु मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाची आणि राज्याची सीमा ओलांडताच मातृभाषा मागे ठेवावी लागते. पंधरा मिनिटांत युक्तिवाद रचायचा आणि त्याच वेळी तो मनात दुसऱ्या भाषेत वळवायचा, हे दुहेरी ओझे गुणपत्रिकेत कोठेही दिसत नाही.

येथे एक विसंगती नजरेत भरते. ज्या संसदेच्या नमुन्यावर या स्पर्धा बेतल्या आहेत, त्या भारतीय संसदेत भाषेचा नियम अधिक उदार आहे. राज्यघटनेच्या १२० व्या अनुच्छेदानुसार संसदेचे कामकाज हिंदी किंवा इंग्रजीत चालते. मात्र ज्या सदस्याला या दोन्ही भाषांत पुरेसे व्यक्त होता येत नाही, त्याला पीठासीन अधिकाऱ्याच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येते. मराठी खासदार लोकसभेत मराठीतून बोलू शकतो, पण मराठी विद्यार्थी देशपातळीवरील संसदीय वादविवादात मराठीतून ‘पंतप्रधान’ होऊ शकत नाही.

जागतिक स्पर्धेने या प्रश्नाची दखल घेतली आहे. इंग्रजी ज्यांची दुसरी भाषा आहे आणि ज्यांच्यासाठी ती परकी भाषा आहे, अशा संघांसाठी तेथे स्वतंत्र बाद फेऱ्या होतात. उच्चार किंवा व्याकरणावरून गुण कापू नयेत, युक्तिवाद समजला की पुरे, असे परीक्षकांना प्रशिक्षणात बजावले जाते. स्पॅनिश भाषकांनी तर याच पद्धतीची स्वतःची स्वतंत्र जागतिक स्पर्धा उभी केली आहे. ही पद्धत कोणत्याही भाषेत चालू शकते, याचा तो पुरावा आहे. मराठीत तर ‘प्रतोद’ आणि ‘विरोधी पक्षनेता’ हे शब्द विधिमंडळाच्या कामकाजामुळे घराघरांत पोहोचलेले आहेत.

भाषेनंतरचा अडथळा पैशाचा. प्रवास, नोंदणी शुल्क आणि निवास यांचा खर्च महाविद्यालयाने न उचलल्यास तो विद्यार्थ्यांच्या खिशातून जातो. अनेक स्पर्धांत संघांच्या संख्येच्या प्रमाणात परीक्षकही सोबत आणावे लागतात. ज्या महाविद्यालयात वादविवाद मंडळ आहे, तेथे अनुभवी माजी स्पर्धक ही गरज भागवतात. जेथे पहिल्यांदाच संघ उभा राहत आहे, तेथे परीक्षक आणायचा कोठून, इथपासून प्रश्न सुरू होतो. महासाथीच्या काळात स्पर्धा दूरस्थ झाल्या, २०२१ ची जागतिक स्पर्धाही ऑनलाइन झाली आणि प्रवासखर्चाशिवाय सहभागी होण्याचा मार्ग काही काळ खुला झाला. ऑनलाइन सराव आणि काही स्पर्धा अजूनही सुरू आहेत. लहान गावातील संघासाठी ती आज सर्वांत स्वस्त सुरुवात आहे.

तयारी : बोलण्याआधी ऐकणे

पहिल्यांदा उतरणाऱ्या संघाने काय करावे, याबाबत अनुभवी स्पर्धकांमध्ये फारसे मतभेद नसतात. वाचन रोजचे हवे. अर्थकारण, न्यायालयीन निकाल, आंतरराष्ट्रीय संबंध, पर्यावरण अशा विषयांची एक वही ठेवून प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन युक्तिवाद लिहिण्याची सवय उपयोगी पडते. त्यासाठी महागडी पुस्तके लागत नाहीत. संविधान सभेतील चर्चांचे इतिवृत्त विनामूल्य उपलब्ध आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये राजभाषेवर झालेली तेथील चर्चा ही टोकाचे मतभेद असलेल्या माणसांनी एकमेकांना उत्तर कसे द्यावे, याचा वस्तुपाठ आहे.

तयारीची १५ मिनिटेही शिस्तीने वाटून घ्यावी लागतात. पहिली तीन-चार मिनिटे दोघांनी न बोलता आपापले मुद्दे लिहावेत, पुढची काही मिनिटे ते जुळवून दोन-तीन बळकट मुद्दे निवडावेत आणि उरलेल्या वेळात समोरची बाजू काय म्हणेल, याचा अंदाज बांधावा. हा शेवटचा भाग नवे संघ हमखास विसरतात. वाद सुरू झाल्यावर प्रत्येक वक्त्याच्या मुद्द्यांची स्तंभांत नोंद ठेवावी लागते, म्हणजे कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळाले नाही, हे एका नजरेत दिसते. चौथ्या वक्त्याचे भाषण चालू असताना पहिल्याने काय म्हटले होते, हे ज्याच्या कागदावर आहे, त्याचे उत्तर नेमके असते.

सरावाचा एक साधा प्रकार मराठीतही करता येतो. दोघांनी समोरासमोर बसायचे. एकाने दोन मिनिटे मत मांडायचे आणि दुसऱ्याने त्याला उत्तर देण्याआधी ते मत मूळ वक्त्याला मान्य होईल अशा शब्दांत पुन्हा सांगायचे. तसे सांगता आले, तरच उत्तर देण्याची परवानगी. पाठांतराची सवय असलेल्या वक्त्याला हा सराव प्रारंभी कष्टाचा वाटतो, कारण त्याने आजवर बोलण्याचा सराव केलेला असतो, ऐकण्याचा नव्हे.

राष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या बहुसंख्य संघांना करंडक मिळत नाही. बाद फेरीच्या यादीत नाव आले नाही म्हणून परतीच्या रेल्वेत बसलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या वहीत मात्र पाच फेऱ्यांतील ४० भाषणांच्या नोंदी असतात. त्यांतली दहा भाषणे त्यांची स्वतःची असतात आणि ३० इतरांची. पुढच्या स्पर्धेची तयारी बहुधा त्या ३० भाषणांपासूनच सुरू होते.